हँडबॉलच्या मैदानात फुटसाल का नको?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर टर्फवरच्या (जाळीने वेढलेल्या कृत्रिम गवतावरच्या) एका फाइव्ह-अ-साइड, म्हणजे पाच-पाच खेळाडूंच्या फुटबॉल स्पर्धेची बातमी 'फुटसाल स्पर्धा उत्साहात' अशा मथळ्याने आली. उत्साहाबद्दल वाद नाही, पण त्याला फुटसाल म्हणू नये. फुटसाल हाही पाच-पाच खेळाडूंचा फुटबॉलच, पण तो टणक, सपाट फरशीवर, बहुतेक वेळा छपराखाली खेळतात. चेंडू चार नंबरचा आणि मुद्दाम मंद केलेला. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्यात फार तर 65 सेंटिमीटर उसळतो. 20 मिनिटांच्या हाफमध्ये चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. संघाचे पाच फाऊल भरले की सहाव्यापासून समोरच्याला बचावपटूंच्या भिंतीविना फ्री किक. आणि टर्फवर आपली पोरं जाळीवर चेंडू आपटवून पास काढतात, ती चलाखी इथे नाही. रेषेबाहेर गेला तो गेला.

हा कीस पाडण्याचं कारण वेगळं आहे. या खऱ्या फुटसालची आशियाई क्लब अजिंक्यपद स्पर्धा 2010 पासून 2019 पर्यंत दरवर्षी भरत होती आणि तिचे विजेते पाहिले की आपल्या कोल्हापूरच्या तालमींना, म्हणजे पेठापेठांतल्या फुटबॉल संघांना, हुरूप यावा. पहिला मान इराणमधल्या इस्फहानच्या फुलाद माहानला, 2012 चा त्याच शहरातल्या गिती पसंदला. एका गावात दोन आशियाई विजेते. आमच्या पेठांना ही चुरस वेगळी समजावून सांगायला नको. जपानच्या नागोया ओशन्सने चारदा, थायलंडच्या चोनबुरीने दोनदा चषक नेला. मला सर्वांत भावतो तो 2018 चा विजेता, मेस सुंगून. 'मेस' म्हणजे फारसीत तांबं. वर्झगानजवळच्या सुंगून तांब्याच्या खाणीच्या नावाचा हा संघ इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात व्हिएतनामच्या थाई सोन नामला हरवून आशियात पहिला आला. लाखोंचे परदेशी खेळाडू आणून सीझन मारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

2020 ची स्पर्धा करोनामुळे रद्द झाली आणि पुढची काही वर्षंही ती भरली नाही. आपला दैवयोग असा, की भारतात राष्ट्रीय फुटसाल क्लब स्पर्धा सुरू झाली ती नेमकी 2021 मध्ये, दिल्लीत. दिल्ली एफसी पहिला विजेता ठरला, पण आशियाचं दार तेव्हा बंद होतं. ते उघडणं आपल्या हाती नाही. उघडेल तेव्हा महाराष्ट्रातला एखादा संघ उंबरठ्यापर्यंत पोचलेला असावा, हे मात्र आहे.

जागेचं रडगाणं नेहमीचं. म्हणून एक साधी गोष्ट लक्षात आणून देतो. हँडबॉलचं मैदान 40 बाय 20 मीटर. फुटसालच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला तेवढं पुरतं. गोलपोस्ट दोन्ही खेळांत तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. गोलसमोरची सहा मीटरची कमानदेखील तीच. म्हणजे ज्या इनडोअर हॉलमध्ये हँडबॉल आखलेलं आहे तिथे चिकटपट्टीने पेनल्टीचे सहा आणि दहा मीटरवरचे ठिपके, मधलं वर्तुळ, कोपऱ्यांच्या छोट्या कमानी आणि बदली खेळाडूंच्या जागा दाखवल्या की झालं. नवं काही बांधायला नको. चेंडू तेवढे वेगळे आणावे लागतील.

मी स्वतः एका तालमीकडून अकरा वर्षं हाफबॅक खेळलो. पाऊस लागला की आमचं फुटबॉलचं शाहू स्टेडियम शांत, आणि आम्ही चार महिने चौकात बसून गेल्या सीझनची भांडणं उकरत असू. आजची पोरं मोबाइल बघतात, एवढाच फरक. त्याच महिन्यांत सोळा संघांची छपराखालची लीग सहज होईल. एका हॉलच्या व्यवस्थापनाला मी याबद्दल विचारलंही. 'फुटबॉलवाल्यांनी फरशी खराब होते' असं उत्तर मिळालं. फुटसालचे बूट सपाट रबरी तळाचे असतात, खिळ्यांचे नव्हेत, हे मी सांगितलं, पण साहेब तोवर फोनवर होते.

आपल्या प्रतिनिधीने शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या अशा हॉलची एकदा पाहणी करून छापावी: कुठे हँडबॉलच्या रेषा आहेत, किती तास हॉल रिकामा असतो, भाडं किती. भाडं वाटून घ्यायला चार-पाच तालमी तयार होतील, मी त्यांच्याशी बोललो आहे. एरवी हे हॉल लग्नांना आणि प्रदर्शनांना दिलेले असतात, पण चातुर्मासात लग्नांचीही अडचण नाही.

आपला,
एक जुना हाफबॅक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर