चेकने टॅक्स भरायचाय? आधी ऑनलाइन या!

संपादक महोदय,

इन्कम टॅक्स ऑनलाइन भरणं सोपं झालंय, यात वाद नाही. पूर्वी चलान 280, म्हणजे टॅक्स भरायचा बँकेचा फॉर्म, हाताने लिहायचं, चेक जोडायचा, रांगेत उभं राहायचं आणि एवढं करून काउंटरफॉईलवरचा शिक्का इतका पुसट यायचा की सात आकडी बीएसआर कोड (बँक शाखेचा नंबर) उजेडाकडे धरून वाचावा लागायचा, त्यात एक आकडा चुकला की रिटर्नमध्ये बोंब. आता इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' उघडा, पॅन आणि मोबाईल नंबर टाका, ओटीपी द्या, लॉगिनचीही गरज नाही. कंपन्या आणि ज्यांच्या हिशेबाचं ऑडिट सक्तीचं आहे ते तर 1 एप्रिल 2008 पासून सक्तीने ऑनलाइनच भरतायत.

पण ज्याला चेकनेच भरायचाय त्याचं काय? सोय आहे की, बँकेच्या काउंटरवर चेक, डीडी, 10,000 पर्यंत कॅशसुद्धा चालते. फक्त त्याआधी चलान पोर्टलवर तयार करायचं, त्याचा सीआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, आला की प्रिंट काढायची आणि 15 दिवसांच्या आत बँकेत न्यायची, बँकही टॅक्स घेणाऱ्या बँकांच्या यादीतलीच पाहिजे. अहो, एवढं ज्याला जमतं तो चेक कशाला फाडत बसेल!

यात अडकतात ती म्हातारी माणसं. धंदा नसलेल्या साठीपुढच्यांना ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्याने भरायचा) माफ आहे हे खरं, पण एफडीच्या व्याजावर बँक 10 टक्के टीडीएस कापते आणि स्लॅब वरचा असला की फरक सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून, म्हणजे स्वतः हिशेब करून, रिटर्नआधी भरावाच लागतो. मग आजोबा सायबर कॅफेत जाऊन अनोळखी पोराला पॅन देतात आणि आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवतात. इकडे ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँकांचे मेसेज चालूच! त्या पोराने घाईत असेसमेंट इयर (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, टॅक्स आकारणीचं वर्ष) चुकीचं निवडलं तर पोर्टलवर ते बदलायला मुदत किती, तर पैसे भरल्यापासून 7 दिवस. मेजर हेड (कंपनीचा टॅक्स की इतरांचा) आणि मायनर हेड (ॲडव्हान्स की सेल्फ असेसमेंट) चुकलं तर मात्र 30 दिवस मिळतात, हा भेद कशासाठी कोण जाणे. आणि बऱ्याचदा चूक कळते तीच मुळी रिटर्न भरायला बसल्यावर.

ऑनलाइन बंद करा असं कोणी म्हणत नाहीये. पण टॅक्स घेणाऱ्या बँकेच्या काउंटरवर कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, माणूसही बसलेला आहे, त्यानेच पॅन कार्ड बघून समोरासमोर चलान काढून द्यावं आणि चेक घ्यावा. आणि वर्ष दुरुस्त करायलाही सरळ 30 दिवस करून टाका.

आपला,
एक करदाता