सीमा पायी ओलांडताना

महोदय,

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, लुंबिनी करायला आपल्याकडची मंडळी गोरखपूरमार्गे नेपाळ सीमेवरच्या सोनौलीला पोहोचतात. तिथे मालट्रकांची रांग लागली असली, की बसमधून उतरून पायीच पलीकडे जाणं सोयीचं पडतं. पिशव्या सावरत एका कमानीखालून निघायचं, दुसरीखालून बेलहियात शिरायचं, की आलं नेपाळ! घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढे.

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि गर्दीत अनेकदा कुणी कागदही विचारत नाही. घोळ होतो तो इथेच. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवंच. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशांनी निव्वळ आधार कार्डावर विसंबू नये. सोबत अमेरिकी पासपोर्टवाला भाचा असेल, तर त्याला आधी भारतीय इमिग्रेशनचा शिक्का घ्यावा लागतो, मग पलीकडे नेपाळचा व्हिसा. ही कार्यालयं रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या गर्दीत सहज नजरेआड होतात. तो तसाच आमच्याबरोबर चालत गेला, तर अडवणारं कुणी नसतं. परतीच्या विमानतळावर मात्र निस्तरता निस्तरता नाकीनऊ येतात.

पैशांचंही तेच. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. कुणी दीडशे टेकवत असेल, तर तिथेच हिशेब मागावा.

यात्रा कंपन्यांनी एवढं माहितीपत्रकात छापायला काय हरकत आहे? जेवणाचा बेत तर पानभर छापतात.

– एक वाचक, नाशिक