आमच्या सायकलवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात येऊन हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते घडी घालून खिशात ठेवलं असतं आणि "बसा ताई, चहा सांगतो" म्हणून विषय दुसरीकडे नेला असता. तुमच्या कामाबद्दल चार माणसांत बोललं जावं अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. शेजारच्या गावांतल्या आयांनी वाचावं, शिक्षकांनी वाचावं, सरपंचांनी तर वाचावंच.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठवाड्यातलं आमचं गाव म्हणजे एक मुख्य गाव, विखुरलेल्या वस्त्या आणि एक तांडा. शाळा मुख्य गावात. तिथं यायला एकच डांबरी रस्ता. त्याला फूटपाथ नाही, दिवे नाहीत, आणि दिवाळीच्या सुमारास कारखाना सुरू झाला की त्याच रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. लहान लेकरं याच रस्त्यानं पायी येतात आणि मोठ्या पोरी सायकलवर.

सायकली आल्या त्या राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून. आठवी ते बारावीतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ पासून ही रक्कम पाच हजार रुपये झाली. या योजनेचं मोल मी कमी लेखणार नाही. शिक्षणहक्क कायद्याची हमी आठवीपर्यंतच आहे आणि आमच्याकडे मुलींची शाळा सुटायची तीही नेमकी तिथंच. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. शाळा जिथं लांब होती तिथं फरक जास्त पडला. अंतर हाच मुलींच्या शिक्षणातला मोठा अडसर असतो, हे आम्हा आयांना सांगायला नको.

पण मामा, सायकल दारात उभी राहिल्यावर पुढं काय करायचं हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. नव्या सायकली घाईघाईत जोडलेल्या होत्या. कुणाचा ब्रेक दाबला की दांडी थेट मुठीला टेकायची, कुणाचं हँडल सैल, कुणाची सीट इतकी उंच की थांबताना पोरगी एका बाजूला कलंडायची. सायकल नवी म्हणजे ती ठीकच असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललेलो. तुम्ही शाळेच्या पटांगणात येऊन बसलात, पाना-पेचकस काढलात आणि एकेक सायकल हातात घेतलीत. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघायचं, सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का ते पाहायचं, चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायचा. हे सगळं करताना मुलींना बाजूला उभं न करता त्यांच्याच हातात पाना दिलात, ते मला विशेष वाटलं. माझी मुलगी आज स्वतःच्या सायकलचा ब्रेक स्वतः आवळते.

ओढणीचं तर तुमच्याशिवाय कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. गणवेशातली ओढणी वाऱ्यानं मागं जाते, चेनमध्ये किंवा चाकात अडकली की गळ्याला फास बसतो. तुम्ही प्रत्येक सायकलचं चेनकव्हर तपासलंत, मागच्या चाकाला जाळी बसवलीत आणि बाईंना सांगून मुलींना ओढणी खांद्यांवरून घेऊन कमरेला गाठ मारायला शिकवायला लावलंत. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, कॅरिअरला बांधायचं, हेही तेव्हाच ठरलं. एका पुरुषानं पोरींच्या ओढणीबद्दल बोलायचं म्हणजे गावात संकोच असतो. तुम्ही बाईंना पुढं केलंत, मर्यादा सांभाळलीत आणि काम मात्र अर्धवट सोडलं नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार वेगळे मानते.

मग शनिवारचा सराव सुरू झाला. फक्कीनं मैदानावर एकमेकींच्या जवळ दोन रेघा ओढायच्या आणि त्यातून न डगमगता सायकल न्यायची. उजव्या खांद्यावरून मागं बघायचं, पण हँडल वळू द्यायचं नाही. एक हात सोडून वळण दाखवायचं. तुम्ही "थांब!" म्हणालात की जिथं असेल तिथं थांबायचं. पावसाळा लागताच तुम्ही बादलीभर पाणी रिमवर ओतून त्यांना ब्रेक मारायला लावलात, म्हणजे ओल्या रिमला ब्रेक किती उशिरा धरतो ते त्यांच्या हातांना कळलं. "माय, आधी ब्रेक बघ, मग घंटी," हे तुमचं वाक्य आता पोरी एकमेकींना ऐकवतात. ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहताना दिसलं, मग ते घोटाभर का असेना, सायकल माघारी वळवायची आणि त्या दिवसाची गैरहजेरी धरायची नाही, हे तुम्ही मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलंत. गैरहजेरीच्या भीतीनं पाण्यात पाय घालणारं लेकरू मी पाहिलेलं आहे. या एका नियमानं माझी पावसाळ्यातली झोप परत आली.

पायी येणाऱ्या लहानग्यांकडेही तुमचंच लक्ष गेलं. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेतानं उजव्या कडेनं चालायचं, ही गोष्ट किती मोठ्या माणसांना माहीत असते? आपल्याकडे सगळे डावीकडून चालतात आणि गाडी पाठीमागून येते. तुम्ही वस्तीवरच्या लेकरांची रांग लावलीत: पुढं एक मोठी मुलगी, मागं एक आई, आणि वाटेत ठरलेल्या झाडापाशी, ठरलेल्या विहिरीपाशी बाकीची पोरं येऊन मिळणार. ऑस्ट्रेलियात डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९०च्या दशकात अशीच 'चालती बस' सुचवली आणि पुढं ती अनेक देशांत गेली, असं मी नंतर वाचलं. तुम्ही ते वाचलेलं नव्हतं. तुम्ही रस्ता बघितला होता.

केंद्राच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. जवळपास पाचातला एक. ज्यानं कुणालाही धडक दिली नाही, ज्याच्या हातात ना स्टिअरिंग ना हँडल, तो माणूस. या आकड्यांत वाडीवस्तीवरची लेकरंही असतात, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला सहसा कुणी उभं राहत नाही.

आता उसाचं. हिवाळ्यात शाळा सुटून पोरी वस्तीवर पोचेपर्यंत दिवस मावळतो. ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. पंक्चर होऊन अशी ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी राहिली तर सायकलवरच्या पोरीला ती जवळ जाईपर्यंत दिसत नाही. सायकलींच्या मडगार्डला लाल पट्टी आणि पायडलला पिवळी पट्टी तुम्ही लावलीतच. पायडलची पट्टी वरखाली होते म्हणून लांबून लगेच ओळखू येते, हे तुम्ही समजावून सांगितलंत. पण तेवढ्यावर थांबला नाहीत. नाक्यावर ट्रॅक्टरवाले चहाला थांबायचे तिथं पट्ट्यांचं बंडल घेऊन जाऊन उभे राहिलात. भांडलात नाही, ओरडलात नाही. "दादा, तुमचं बी लेकरू शाळंत जातंय ना," म्हणालात आणि ट्रॉलीची मागची फळी पुसून पट्टी चिकटवलीत. काही चालकांनी पुढं स्वतःहून ट्रॉल्या तुमच्या दुकानासमोर आणल्या. ऊसतोडीला गावोगाव फिरणाऱ्यांची लेकरंही शाळेपासून लांब पडतात; त्या माणसांना तुमचं म्हणणं पटलं यात मला नवल वाटत नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत तुम्ही मागच्या ओळीतून उठून बोललात तेही मला लिहून ठेवायचं आहे. वळणावर वेडी बाभूळ इतकी वाढली होती की समोरची गाडी दिसत नव्हती. साइडपट्ट्या खचल्यामुळे डांबराच्या कडेवरून सायकल घसरायची, म्हणून पोरी रस्त्याच्या मध्ये यायच्या आणि लोक त्यांनाच दोष द्यायचे. तुम्ही तीनच मागण्या मांडल्या: बाभळी तोडा, साइडपट्टीला मुरूम टाका, शाळेच्या दोन्ही अंगांना गतिरोधक आणि फलक लावा. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं, हे तुम्ही सभेतल्या पोरांना सायकलवरच करून दाखवायला तयार होतात. २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या प्रतिनिधींनी म्हटलं होतं की जिथं माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथं वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा. आमच्या सभेत ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ठराव त्याच अर्थाचा झाला. बाभळी महिन्याभरात निघाल्या. मुरूम पडला. गतिरोधकाचा कागद संबंधित कार्यालयात अजून फिरतो आहे आणि आम्ही बायका त्याच्या मागं आहोत.

एक गोष्ट गावाला आवडली नाही, तरी तुम्ही बोललात. चौदा-पंधरा वर्षांची पोरं बापाची फटफटी घेऊन शाळेत यायची, मागं दोघं-तिघं बसवून. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही ही माहिती बापांना त्यांच्या दारात जाऊन सांगितलीत आणि वर म्हणालात, जुनी सायकल आणून द्या, मजुरी न घेता दुरुस्त करतो. अडगळीतल्या किती सायकली तुम्ही उभ्या केल्यात! काही बाप रागावले. काही पोरं आज सायकलवर येतात.

आणि पंक्चर. बाहेरच्यांना ही फार लहान गोष्ट वाटेल. वेड्या बाभळीच्या काट्यांच्या मुलखात पंक्चर म्हणजे शाळा बुडणं, आणि चार वेळा बुडाली की घरात "राहू दे आता" सुरू होतं. तुम्ही शाळेत पंप, पाण्याचं घमेलं, सोल्युशन आणि ठिगळाचं सामान ठेवलंत आणि दहावीच्या मुलींना ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधायला शिकवलंत. आता पंक्चर मधल्या सुट्टीत निघतं. माझ्या लेकीचे हात सोल्युशननं काळे झालेले बघून तिच्या आजीनं आधी नाक मुरडलं, मग शेजारणीला कौतुकानं सांगितलं.

सुट्या भागांचे पैसे घेतलेत, तेही जमतील तसे. मजुरी कधी घेतली नाहीत. हे आम्हाला पुढं असंच चालू द्यायचं नाही. तुमचंही घर आहे, दुकानाचं भाडं आहे. पालकांच्या बैठकीत ठरलंय की जूनपासून ब्रेकचे रबर, ट्यूबा आणि चमकत्या पट्ट्या यांचा खर्च आम्ही वर्गणीतून करू, आणि शनिवारच्या सरावाचं मानधनही तुम्हाला देऊ. नाही म्हणू नका, मामा. आठवीत नव्या पोरी येतील, त्यांच्या सायकली पुन्हा घाईत जोडलेल्याच असतील. यंदा दहावीतून बाहेर पडणाऱ्या मुली तुमच्या हाताखाली शिकवायला उभ्या राहणार आहेत, त्यांनी तसं कबूल केलंय. फक्की आम्ही आणतो, पाना तुमचा.

तुमची मनापासून आभारी,
वस्तीवरच्या नववीतल्या एका मुलीची आई