मथळ्याची घाई कशाला?

रक्ताच्या कर्करोगावरील ‘कार-टी’ पेशींच्या (कर्करोगाशी लढण्यासाठी प्रयोगशाळेत बदललेल्या, रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी) पहिल्या टप्प्यातील चाचणीचे वृत्त वाचले. वृत्त आशादायक असले तरी ‘कर्करोगावर मात’ हा मथळा उतावीळ वाटला. या टप्प्यात मोजक्या रुग्णांवर मुख्यतः मात्रा आणि सुरक्षितता तपासतात. २०१२ मध्ये अमेरिकेत सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्यावर ताप भडकला, तिला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. संधिवातावरचे टोसिलिझुमॅब हे औषध दिले म्हणून ती वाचली (पुढे तिचा कर्करोगही हटला). हा धोका आणि त्यावरचा उतारा, दोन्ही चाचणीतच कळले. तेव्हा रुग्ण किती होते, किती जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि पाठपुरावा किती महिन्यांचा, हे अशा बातमीत आधी छापावे.

– एक वाचक