तारे विझत नाहीत, निसटतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील तारकागुच्छांवरचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या ताऱ्यांच्या समूहांवरचा, लेख आवडला. मात्र जुने गुच्छ विरळ होतात ते त्यांतील तारे विझल्यामुळे, हे त्यातील विधान अर्धेच खरे आहे. मोठे तारे लवकर संपतात हे मान्य, परंतु जुन्या गुच्छातून जे असंख्य छोटे तारे कमी होतात, ते धडधाकट असतानाच बाहेर पडलेले असतात.

गुच्छातील तारे एकमेकांवर सहसा आदळत नाहीत, पण जवळून जाताना गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्यात ऊर्जेची देवघेव होते. या व्यवहारात जड तारे केंद्राकडे सरकतात, हलक्यांच्या पदरात जास्तीचा वेग पडतो, आणि अशा कित्येक भेटींनंतर एखाद्याचा वेग मुक्तिवेगापलीकडे (गुच्छाच्या ओढीतून सुटण्यास लागणाऱ्या वेगापलीकडे) गेला की तो गुच्छ सोडतो. उकळी न येताही ताटलीतले पाणी आटते, तसाच हा प्रकार. शिवाय चंद्र ज्या ओढीने समुद्राला भरती आणतो, त्याच जातीची आकाशगंगेची ओढ कडेचे तारे सोडवून नेते.

याचा ठळक पुरावा म्हणजे ‘पालोमार ५’ हा गोलाकार गुच्छ. त्याच्या दोन्ही बाजूंना निसटलेल्या ताऱ्यांची शेपटे पसरल्याचे २००१ मध्ये ‘स्लोन’ या आकाशाच्या दुर्बिणी सर्वेक्षणातून दिसले, आणि पुढील निरीक्षणांत ती आकाशात २० अंशांहून लांब, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून अधिक, भरली. २०२१ मधील एका संगणकीय अभ्यासानुसार या गुच्छात शंभराहून अधिक कृष्णविवरे असावीत. तीच ताऱ्यांना बाहेर हुसकावत असून साधारण एक अब्ज वर्षांनी तेथे कृष्णविवरांखेरीज काही उरणार नाही.

इतक्या दूर जायचे नसेल तर वृषभ राशीतील रोहिणीशकट हा रोहिणी ताऱ्याभोवती दिसणारा गुच्छ आहे. सुमारे ६५ कोटी वर्षे वयाच्या या खुल्या (सैल, विरळ) गुच्छाचीही अशी शेपटे ‘गाया’ उपग्रहाच्या मोजमापांवरून २०१९ मध्ये सापडली. गच्चीवरून मुलांना शकट दाखवताना रोहिणीशेजारची ताऱ्यांची जोडी मी आवर्जून दाखवतो, कारण नुसत्या डोळ्यांनी सुटी दिसणारी ही जोडी खरोखरच गुच्छातली आहे. रोहिणी मात्र नाही. गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे, तर ती ६५ वर. केवळ आपल्या दृष्टिरेषेत आल्यामुळे ती त्यात बसल्यासारखी दिसते, आणि लेखासोबतच्या चित्रातही तिला गुच्छाची सदस्य दाखवले आहे.

तरी पुढील भागात ‘विझतात’च्या जागी ‘निसटतात’ अशी दुरुस्ती छापावी आणि रोहिणीलाही गुच्छाबाहेर काढावे, ही विनंती.

आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक, सातारा