आई, तू आणि कुंदामावशी समुद्रावर जा

नेरुळ, नवी मुंबई
वैशाख वद्य

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं रोज बोलणं होतं, पण ते "जेवलात का, गोळ्या घेतल्या का, साताऱ्यात उकाडा किती" यातच संपतं. मला जे सांगायचंय ते जरा लांबलचक आहे, शिवाय आईला ते पुन्हा पुन्हा वाचता यावं अशी इच्छा आहे. म्हणून पत्र.

होस्टेलपासूनची माझी मैत्रीण अनू आणि मी अलिबागजवळ अक्षीला राहून आलो. दोघीच गेलो होतो. मुलांना तुमच्या जावयांनी सांभाळलं. अनूच्या सासूबाईंकडे तिची नणंद येऊन राहिली. गेल्या वर्षभरात अनू सासूबाईंच्या आजारपणामुळे घराबाहेर म्हणून पडली नव्हती. ऐरोली ते नेरुळ अंतर ते किती, पण आमची गाठ पडत नव्हती. फोन केला की तिकडून हाक यायची, नाहीतर इकडे कुकरची शिट्टी व्हायची, की "नंतर बोलू" म्हणून ठेवायचो. ते नंतरचं बोलणं साठत गेलं होतं.

बाबा, तुम्ही म्हणाल, नवी मुंबईत राहून समुद्र बघायला एवढं लांब कशाला? इथलं पाणी खाडीचं आहे. पामबीच रोडच्या कडेने सगळी खारफुटी आणि चिखल. रोहित पक्ष्यांना तेच हवं असतं, म्हणून ते हिवाळ्यात इथे येतात आणि मेपर्यंत राहतात. संध्याकाळी नेरुळच्या तळ्याकाठी त्यांचे थवे दिसतात, फार सुंदर असतं ते. पण पाय भिजवायला वाळू नाही, अंगावर येणारी लाट नाही. त्यासाठी अलिबागच गाठावं लागतं. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता धरायचा आणि कर्नाळा, पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड करत ८०-९० किलोमीटर जायचं. आम्ही पहाटे साडेचारला निघालो. गाडी अनू चालवत होती. वडखळ नाक्यावरची सुप्रसिद्ध गर्दी जागी व्हायच्या आत आम्ही तिथून पुढे गेलो होतो.

एवढ्या पहाटे निघायचं कारण ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून आत पाण्यात आहे. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि चालत जाता येतं. बाबा, याचं गणित तुम्हाला आवडेल. आमच्या यजमानीणबाईंनी ते सांगितलं आणि इथल्या सगळ्या कोळ्यांना ते पाठ असतं. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. द्वितीयेला दीड वाजता. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. आम्ही बुद्धपौर्णिमेनंतरची द्वितीया गाठली होती, त्यामुळे ओहोटी सकाळी सव्वासातची आणि पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणून पाणी चांगलं लांबवर हटलेलं. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून ताडून बघा. तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण जाऊन-येऊन करायला तेवढा हिशेब पुरतो. अर्थात निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसांना विचारायचंच. भरतीचं पाणी मागून भरत येतं आणि किल्ल्यात रमलेल्या लोकांना ते कळत नाही.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं. ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं आणि पुढे हे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं बनलं. हे शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. मी मात्र तटाच्या बाहेरच्या बाजूला किती तरी वेळ उभी राहिले. मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते एकमेकांवर बसवलेत. लाट आली की पाणी त्या फटींमध्ये शिरतं आणि तिथेच त्याचा जोर मोडतो, भिंतीला धडक बसत नाही. फटींच्या कडांना कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार. एका फटीत तर चिमुकला खेकडा बसला होता. मी बोट जवळ नेलं की आत जायचा आणि हात मागे घेतला की डोळे बाहेर काढायचा. तीनशे-साडेतीनशे वर्षं लाटा खाऊन ते दगड जागचे हललेले नाहीत, आणि त्यांच्या आधाराने एवढं सगळं जगतं आहे.

आई, आत गणपती पंचायतन आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. गणपतीच्या भोवती शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. देऊळ छोटंसं, गार दगडाचं. सकाळी तिथे आम्ही दोघीच होतो. जवळच गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. तुझ्या नावाने मी गणपतीला नमस्कार केलाय. अनू देवळाच्या पायरीवर बसली ती उठेचना. मी घाई केली नाही. परतताना, वाळूवरून चालत असताना, ती बोलायला लागली. सासूबाईंना रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. त्यात तिचं स्वतःचं नोकरीतलं बढतीचं वर्ष हातचं गेलं. आणि आपण थकलोय हे घरात म्हणायचीसुद्धा तिला चोरी वाटते. यातलं मला थोडंथोडं ठाऊक होतं. सलग असं तिने ते पहिल्यांदाच सांगितलं, मध्ये कुणाची हाक न येता.

राहायला आम्ही अक्षीला होतो, नारळ-पोफळीच्या वाडीतल्या घरगुती खोलीत. नागावला अलीकडे फार गर्दी असते, स्कूटर काय, फुग्याच्या बोटी काय. अक्षी त्यामानाने शांत आहे आणि किनाऱ्याला सुरूचं बन आहे. दुपारी उन्हात पाऊल टाकवत नाही, म्हणून आम्ही वाडीतच पडून होतो. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि अलिबागचा पांढरा कांदा. अनूने बोंबील खाल्ले, पण आई, तुझं त्यावाचून काही अडणार नाही. कांद्याला तिखटपणा जवळजवळ नाहीच. नुसता खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. त्याच्या विणलेल्या माळा विकायला असतात. तुमच्यासाठी एक घेऊन ठेवली आहे, दादा येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवते. पिशवीत ठेवू नका, हवेशीर जागी टांगा.

संध्याकाळी परत ओहोटी होती. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी पसरलेली. मसुराएवढे खेकडे ती घालतात. वाळूतून आपलं खाणं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. मधोमध बीळ आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या रांगा फुटलेल्या. आम्ही उकिडव्या बसून ते बघत होतो. हललो नाही की सगळे बाहेर यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. दर भरतीला सगळं पुसलं जातं, दर ओहोटीला ते पुन्हा मांडतात. अनू मनापासून हसली. सूर्य बुडाला, काही वेळाने मागच्या पोफळींमधून चंद्र वर आला आणि आम्ही तशाच बसून राहिलो, कॉलेजच्या होस्टेलच्या गच्चीवर बसायचो तशा.

आणि आई, तिथे मला तू आणि कुंदामावशी आठवलात.

तुम्ही दोघी वाईच्या. एका आळीतल्या, एका बाकावरच्या. कृष्णाबाईच्या उत्सवात दोघी एकाच कापडाचे परकर-पोलके घालून मिरवायच्या, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घाटावरून पाण्यात उड्या मारायला तुला तिनेच शिकवलं. मग तुझं लग्न साताऱ्यात झालं आणि ती ठाण्याला नौपाड्यात गेली. त्यानंतर तुमच्या भेटी झाल्या त्या लग्नामुंजीत, बारशाला नाहीतर कुणाच्या दिवसांना. मागे दादाच्या मेव्हणीच्या लग्नात मी तुम्हाला पाहिलं होतं. पंगत उठली, वाढप्यांची झाडलोट सुरू झाली, तरी तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर एकमेकींचा हात धरून बसला होतात. तेवढ्यात तिचा मुलगा "गाडी लावलीय" म्हणत आला आणि ती उठली. तू मांडवाच्या दारापर्यंत तिच्याबरोबर गेलीस.

मला असं वाटतं, तुम्ही दोघींनी समुद्रावर जाऊन राहावं. कुणाचं कार्य म्हणून नको. लेकी-सुनांना मदत म्हणूनही नको. नुसतं एकमेकींबरोबर. तुला हे ऐकून पहिल्यांदा "आता या वयात काय" असंच वाटणार आहे. पण या वयातच जायला हवं. तुझे गुडघे आज चालतात. तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला आता छान दिसतं.

सगळी सोय मी मनात जुळवली आहे. आता नको. मेचा उकाडा तुम्हाला सोसणार नाही, आणि जूनपासून समुद्र खवळतो, मासेमारीही बंद होते. दिवाळीनंतर त्रिपुरी पौर्णिमा झाली की लगेचची द्वितीया धरायची, म्हणजे ओहोटी पुन्हा सकाळी सातची आणि हवाही गार. तू आणि बाबा साताऱ्याहून एसटीने या. आई, तुला महिला सन्मानमध्ये अर्धं तिकीट आणि बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाल्यामुळे तिकीटच नाही. नेरुळ एल.पी.च्या थांब्यावर मी उतरवून घेईन. कुंदामावशीला ठाण्याहून नेरुळची थेट लोकल आहे, तिच्या नातवाने तिला बसवून दिलं की झालं. पुढे मी गाडीने सोडायला येते. उलव्याकडून अटल सेतूवर चढायचं. पूल २१.८ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून जातो. शिवडीला उतरून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट. तीत गाडी तशीच चढवतात आणि आपण वर बसायचं. साधारण तासाभरात मांडवा. येताना आम्ही याच बोटीने आलो. अनू कठड्याशी उभी राहून सगळा वेळ वारा खात होती. बोट मोठी आहे, तुम्हाला हेलकाव्याची भीती वाटणार नाही.

अक्षीच्या त्या घरात मी बोलून आले आहे. खोली तळमजल्यावर, कमोड आहे, जेवण घरचं आणि शाकाहारी वेगळं करतात. किल्ल्यापर्यंत चालवलं नाही तर ओहोटीला घोडागाडी जाते. कनकेश्वराला मात्र जायचं नाही, तिथे सातशेच्या वर पायऱ्या आहेत. तुम्ही दोघी एकमेकींना भरीला घालाल हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. मी तुम्हाला सोडून परत येईन आणि न्यायला पुन्हा येईन. मध्ये फोनही करणार नाही, तूच वाटलं तर कर.

बाबा, तुमच्याकडे मी एक मागणं मागते आहे. आई कधीच "मी जाते" म्हणणार नाही. ती तुमच्या पथ्याचं, देवपूजेचं, दुधाच्या रतीबाचं काढेल. तेव्हा "तू जा, मी लेकीकडे मजेत राहतो" हे तुमच्या तोंडून यायला हवं. तुमच्याइतकं तिच्यावर कुणाचं म्हणणं चालत नाही. तोवर तुम्ही आमच्याकडे राहा. नातवाला तुमच्याकडून भौतिकशास्त्र समजून घ्यायचंच आहे, शाळेत ते त्याच्या डोक्यावरून जातं.

तुमच्यासाठीही मी अलिबागला एक जागा हेरून ठेवली आहे. समुद्राजवळ भूचुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ पासूनची. आधी हे वेध मुंबईच्या कुलाब्याला घेत. तिथे विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने सुया ढळतील म्हणून काम इकडे हलवलं, आणि वेध घेण्याच्या इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही. आम्ही बाहेरची पाटी तेवढी वाचली. आणि अक्षीलाच शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानतात तो. वर चंद्र-सूर्य कोरलेत. अक्षरं मला काही लागली नाहीत, तुम्ही बरोबर असतात तर लावून दाखवली असतीत. तुमची आणि आईची अशी वेगळी फेरी फेब्रुवारीत करू, तेव्हा नवा पांढरा कांदाही आलेला असतो.

कुंदामावशीला मी अजून काही बोललेले नाही. आई, तो फोन तूच कर, स्पीकर बंद करून, दुपारी ती एकटी असते तेव्हा. ती हो म्हणाली की मला कळव, कारण दिवाळीनंतर खोल्या लवकर भरतात आणि मला आगाऊ रक्कम पाठवायची आहे. बाबांनी द्वितीयेची तारीख आणि भरतीची वेळ काढून ठेवावी.

तब्येतीला जपा. गुडघ्याला लावायचं तेल संपत आलं असेल तर कांद्याबरोबर तेही पाठवते.

तुमची,
धाकटी