आप्पांच्या रिपोर्टमागचे कारण शोधणाऱ्या निवासी डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,
सविनय नमस्कार.

एप्रिल 2021 मध्ये माझे वडील कोविडमुळे नऊ दिवस आपल्या वॉर्डात होते. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, त्यामुळे संध्याकाळचा आपला फोन हाच आमचा आधार होता. तिसऱ्या दिवशी आपण सांगितले, की यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी 142 आणि एसजीपीटी 96 आले आहे. दोन्हींची वरची मर्यादा साधारण 40. लिव्हरचे नाव निघताच घरात कुजबुज सुरू झाली ती दारूची, आणि तीही गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आप्पांविषयी!

दाखल झालेल्या कोविड रुग्णांत हे आकडे अनेकदा वाढतात. शरीरातील दाह, प्राणवायूची कमतरता, औषधे आणि काही अंशी स्वतः विषाणू अशी कारणे त्यामागे असू शकतात. शिवाय एसजीओटी स्नायूंतूनही रक्तात येत असल्याने केवळ त्यावरून यकृताला दोष देता येत नाही, हे आपण दमलेल्या आवाजात, पण घाई न करता समजावले. बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची तपासणी व्यवस्थित आहे, हे ऐकल्यावर आमच्या जिवात जीव आला.

त्याहून मोलाचा होता आपला प्रश्न: "घरी काय काय घेत होते?" आईने डबा उघडून गोळ्या मोजल्या. तापासाठी पॅरासिटामॉल 650 च्या दिवसाला पाच, आणि सर्दीच्या तीन, ज्यांत प्रत्येकी आणखी 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. बेरीज 4,750 मिलिग्रॅम झाली. प्रौढांसाठी कमाल मर्यादा 4,000. वर दोन वेळा गुळवेलीचा काढा. आपण कोणालाही बोल लावला नाही, फक्त दोन्ही तत्काळ बंद करायला सांगितले.

त्याच सुमारास आम्ही रेमडेसिविरसाठी शहरभर वणवण करत होतो. त्या औषधानेही हे आकडे वाढू शकतात आणि एसजीपीटी मर्यादेच्या दहापटीवर गेल्यास ते थांबवण्याचा विचार करावा लागतो, म्हणून आपण आधी पुन्हा तपासणी करून घेतली. तेव्हा त्या एका दिवसाच्या विलंबाबद्दल मी आपल्यावर चिडलो होतो, त्याबद्दल क्षमस्व.

महिन्याभराने पुन्हा रक्त तपासा, असे आपण सांगितले होते. तोवर आपली बदली झाली होती आणि तो रिपोर्ट दाखवायचा राहिला. एसजीओटी 29, एसजीपीटी 31.

आपला ऋणी,
आप्पांचा मुलगा